रेघ आणि घन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अहिवारा येथे सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावर उभे राहण्याचा आमचा अधिकार तो काय! आम्ही साधे बी. ए. आहोत. गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या एका खात्यात फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. आम्ही चित्रकार नव्हे, आणि संगणकतज्ज्ञ तर नव्हेच नव्हे. तरीही कार्यवाहांनी आग्रह धरला, याचे कारण बाहेरच्या मेजावर ठेवलेली ती वीतभराहून थोडी लहान पांढरी प्रतिकृती. आपल्या मंडळाचा पहिला गणपती ज्या पत्र्याच्या मंडपीत बसला, तिची ती प्रतिकृती. आल्याआल्या आपणांपैकी अनेकांनी ती न्याहाळली आणि दोन प्रश्न विचारले. एक, ही केली कशी? आणि दुसरा, सगळी पांढरी असताना तिची खालची पायरी तेवढी तपकिरी का? या दोन प्रश्नांचे उत्तर देण्यापुरताच आजचा प्रपंच आहे. मात्र पायरीपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल, तेवढा धीर आपण धरावा, ही विनंती.

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते १९६२ साली, बाविसाव्या वर्षी, वर्धा जिल्ह्यातून इकडे आले. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले होते, आणि भट्टीची भूक मोठी होती. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे, तर चुनखडी आपल्या या नंदिनीची. पोलादाची कीर्ती सर्वत्र होते. पण खनिजातील वाळूचा अंश आपल्यात ओढून घेऊन त्याची मळी करणारी चुनखडी नसेल, तर भट्टीतून शुद्ध लोखंड निघावे कसे? त्या चुनखडीच्या खाणीचे नकाशे काढणाऱ्यांत नाना एक होते. टी-स्क्वेअर, त्रिकोणी गुण्ये, शाईचे पेन आणि ट्रेसिंगचे कापड ही त्यांची आयुधे. अमोनियावर छापलेल्या नकाशांचा तो उग्र दर्प त्यांच्या सदऱ्याला येत असे, आणि लहानपणी आम्हांला तोच वडिलांचा गंध वाटे.

नाना एक गोष्ट नेहमी सांगत. "आराखडा पाहून खाण दिसत नाही, छेद पाहूनही दिसत नाही. दोन्ही पाहावेत आणि डोळे मिटावेत, म्हणजे दिसते." वरून दिसणारा आराखडा आणि उभा छेद, या दोन सपाट कागदांतून पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी खाण मनात उभी करायची, ही त्यांची विद्या. आज ज्याला संगणकावरील त्रिमितीय प्रतिमान म्हणतात, ते याहून निराळे काय आहे?

आम्ही आठवी-नववीला नागपुरास मामांकडे होतो. १९८२ साली एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसलो आणि पुढच्या वर्षी इंटरमीजिएटला. महाराष्ट्रात शिकलेल्या मंडळींना हे दिवस आठवत असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, आणि त्यांच्या जोडीला ती भयप्रद भूमिती! इंटरमीजिएटच्या घनभूमितीने आमची झोप उडविली होती. तिरपा ठेवलेला शंकू समोरून कसा दिसेल, वरून कसा दिसेल, हे काढताना आम्ही रडकुंडीस येत असू. त्याच १९८२ च्या डिसेंबरात दूर अमेरिकेत ऑटोकॅड नावाची प्रणाली बाजारात आली, याची तेव्हा आम्हांला गंधवार्ताही नव्हती. ज्या वर्षी आमच्या हाती गुण्या आला, त्याच वर्षी गुण्याला निवृत्त करणारे यंत्र जन्मास आले, असा हा योग!

पुढे नोकरी लागली. पण पेन्सिल सुटली नाही. पहाटे चहापूर्वी वीस मिनिटे, कचेरीतल्या एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या कागदांवर, समोर असेल ते काढायचे. कधी तांब्या, कधी चप्पल, कधी खिडकीतला कडुनिंब. त्यात कला किती होती हे देव जाणे. पण हात चालता होता.

दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीत ठराव झाला, की सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाच्या पहिल्या मंडपीची प्रतिकृती करावी. ती मंडपी पाडून कैक वर्षे लोटली आहेत; एका धुरकट छायाचित्राखेरीज तिचे काही उरलेले नाही. काम आमच्याकडे आले. आमच्या कन्येने सुचविले, "बाबा, आता हे संगणकावर करतात. ब्लेंडर शिका, फुकट आहे." फुकट या शब्दाला सरकारी नोकर भुलतोच, परंतु हे फुकटपण मोठे सन्माननीय आहे. ही प्रणाली मूळची हॉलंडमधील एका कंपनीची. कंपनी बुडाली, तेव्हा टोन रोजेंडाल या तिच्या निर्मात्याने लोकवर्गणीचे आवाहन केले; सात आठवड्यांत एक लक्ष युरो जमले, आणि ऑक्टोबर २००२ पासून ती सर्वांना खुली झाली. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या मंडळाला ही कथा परकी वाटू नये! याच प्रणालीवर तयार झालेल्या 'फ्लो' या लाटवियन चित्रपटाला २०२५ चे ऑस्कर मिळाले.

आम्ही उत्साहाने आरंभ केला. पण वेळ? सकाळी साडेनऊला घराबाहेर, सायंकाळी सातला घरी, मग बाजारहाट, नानांची औषधे. उरतो तो दिवसाकाठी तासभर. तेव्हा आम्ही सरकारी खात्यातील जुना मार्ग पत्करला. एका शीर्षाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळविली. पहाटेची चित्रकलेची वीस मिनिटे संगणकाकडे गेली. कागद कपाटात गेले. मनाची समजूत अशी, की रेघ आपल्याला येतेच आहे. जे येत नाही ते आधी शिकावे. सात महिने पेन्सिल हातात धरली नाही. या पुनर्विनियोजनाला मंजुरी कोणाची होती, हे आम्ही स्वतःलाही विचारले नाही.

त्या सात महिन्यांत आम्ही पुष्कळ शिकलो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पडद्यावर आपोआप प्रकट होणारा तो राखी ठोकळा, त्याला सरकविणे, फिरविणे, लहानमोठा करणे, त्याची एक बाजू ओढून भिंत काढणे, यांत रात्री कशा सरत हे कळत नसे. मंडपीही उभी राहिली. चार भिंती, पुढे उतरते पत्रे, आत मखर. दिवाळीत आम्ही ती नानांना दाखविली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नानांना काचबिंदू आहे. या रोगात दृष्टी कडेकडेने आत मिटत जाते, आणि एकदा गेलेली परत येत नाही. औषधाने फार तर राहिलेली टिकते. त्या दिवाळीत त्यांना नळीतून पाहावे तेवढेच दिसत होते. पडद्याला नाक लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे आपलं नाही. पत्र्यांचा उतार मागे होता. पुढे असता, तर भाद्रपदातल्या पावसात आरतीला दाराशी उभं कोण राहिलं असतं?"

आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनी जवळचे वर्तमानपत्र पुढे सरकविले आणि म्हणाले, "मी सांगतो, तू काढ." आम्ही पेन्सिल घेतली. बंधुभगिनींनो, ती रेघ आम्हांला काढता आली नाही. हात कापत होता असे नव्हे. पण डोळ्यांत आले ते बोटांपर्यंत पोहोचत नव्हते. उतार काढावा तर तो जिन्यासारखा दिसे. चार वेळा खोडले. नानांना ते कितपत दिसले, कोण जाणे; खोडरबराचा आवाज मात्र ऐकू गेला असावा. ते एवढेच म्हणाले, "सोडलंस का रे?"

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. वेळ थोडा आहे, अशी तक्रार आम्ही सात महिने करीत होतो. पण ती आमच्या वेळेची होती. खरा थोडा वेळ नानांच्या डोळ्यांपाशी होता, आणि त्याचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या ट्रंकेतून १९७६ सालची एक वही निघाली. तीत नानांनी मंडपीचे पेन्सिलीने काढलेले कच्चे चित्र आणि मापे होती: लांबी तीस फूट, रुंदी अठरा, पुढची उंची अकरा, मागची आठ. म्हणजे छप्पर एकपाखी, उतार मागे. पन्नास वर्षांपूर्वीची ती रेघ आमच्या सात महिन्यांच्या श्रमांहून अधिक खरी ठरली.

येथून आम्ही नवी व्यवस्था लावली. आमच्यासारख्या अल्प वेळेच्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून ती सविस्तर सांगतो.

पहिले असे, की रेखाटनाची वीस मिनिटे पहाटेच, आणि ती कोणत्याही सबबीने दुसरीकडे वळवायची नाहीत. वर्षातील तीनशे दिवस धरले तरी शंभर तास होतात. संगणकाला आठवड्यातून तीन रात्री, प्रत्येकी चाळीस मिनिटे. पन्नास आठवड्यांत तेही शंभर तास. दोन्ही पारडी समान. पण पहाट हाताला आणि रात्र यंत्राला, हा क्रम उलटा करू नये. शिणलेला हात आपण होऊन पेन्सिल खाली ठेवतो. यंत्र मात्र शिणलेल्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत सोडीत नाही. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. चित्रपटाचे तंत्र शिकण्याच्या ध्यासात त्यांनी दिवसाचे कित्येक तास चित्रपट पाहण्यात घालविले, अहोरात्र प्रयोग केले, आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली हे महाराष्ट्राचे भाग्य. सर्वांचे भाग्य तसे नसते.

दुसरे, संपूर्ण प्रणाली शिकण्याचा हव्यास सोडावा. तिच्यात शेकडो आज्ञा आहेत. आमचे काम सातआठ कळींवर भागले. त्या कळी आम्ही वहीत मराठीत लिहून काढल्या. हाताने लिहिलेले विसरत नाही, हा शाळेतला अनुभव साठीच्या उंबरठ्यावरही खरा ठरतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे: आठवडाभर जी वस्तू कागदावर काढली, तीच रविवारी संगणकावर घडवावी. मग दोन विद्या वेळेसाठी भांडत नाहीत. एकीची वेळ दुसरीच्या खात्यातही जमा होते. तांब्या सात दिवस काढल्यावर त्याचा गळा कोठे वळतो हे हाताला ठाऊक असते. संगणकावर तो वळण अर्ध्या वेळात येतो. उलट, संगणकावर तांब्या चहूबाजूंनी फिरवून पाहिला, की सोमवारच्या रेघेत त्याची न दिसणारी पाठही उतरते. घनभूमितीतील तीच दृश्ये, समोरून, वरून आणि बाजूने, पडद्यावर एका कळीसरशी पालटत जातात. चाळीस वर्षांपूर्वीचे आमचे रडणे वाया गेले नाही म्हणायचे!

हे काही आमचेच शहाणपण नव्हे. संगणकावरील चित्रविद्येत एक चहादाणी प्रसिद्ध आहे. मार्टिन न्यूएल या संशोधकाने १९७५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात ती संगणकात उतरविली, आणि पुढे जगभर नव्या तंत्राची परीक्षा तिच्यावर होऊ लागली. त्या चहादाणीचा आरंभ झाला तो घरच्या चहाच्या टेबलावर, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने नजरेच्या अंदाजाने काढलेल्या चित्रातून. यंत्र नंतर आले.

आणि आपल्याकडे? कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी चलच्चित्राच्या कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. पण कॅमेरा हाती आला म्हणून त्यांनी कुंचला ठेवून दिला नाही. आपल्या चित्रपटांच्या वेषभूषेची रेखाटने ते स्वतः करीत, जाहिरातींची चित्रे स्वतः रंगवीत. नव्या यंत्राला त्यांनी जुन्या हाताच्या पंगतीला बसविले. फाळके तरी काय? जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी, छपाईचा व्यवसाय, एवढी शिदोरी बरोबर होती, म्हणूनच १९१२ साली लंडनला काही आठवडे राहून ते नवी विद्या घेऊन परतू शकले. ज्याचा हात आणि डोळा तयार असतो, त्याला नवे यंत्र शिकायला थोडा वेळ पुरतो. ज्याचा नसतो, त्याला कितीही वेळ अपुराच.

तर पहाटे आम्ही नानांपाशी बसू लागलो. ते सांगत, आम्ही काढीत असू. दार कोणत्या बाजूला, मखराचा चौथरा किती उंच, खांबाच्या नळ्या कोठून आणल्या होत्या. चित्र त्यांच्या डोळ्यांपाशी धरायचे, त्यांनी मान हलवायची वा नकार द्यायचा. पहिल्या महिन्यात नकारच अधिक होते. हळूहळू हात परत आला. रविवारी ते सारे संगणकावर चढे.

पण काळ आमच्यापेक्षा वेगाने चालत होता. चैत्रात प्रतिमान पूर्ण झाले, तेव्हा नानांना पडद्यावरचे काहीच दिसेना. कागदावरचेही नाही. ज्यांच्यासाठी घाई करायची, त्यांच्यापर्यंत आम्ही सात महिने उशिरा पोहोचलो होतो. ती सल आहे, आणि ती राहील.

अशा वेळी, जी विद्या आम्ही अपराधी ठरविली होती, तीच मदतीला आली. आपल्या एका सभासदांचे चिरंजीव भिलाईस अभियांत्रिकी शिकतात. ते म्हणाले, "काका, हे छापता येईल." मक्याच्या पिठूळापासून केलेल्या प्लास्टिकचा बारीक तंतू वितळवून थरावर थर चढविणारे यंत्र असते. पहिला प्रयत्न फसला, कारण आमच्या दोन भिंतींना जाडीच नव्हती. पडद्यावर जाडी नसलेली भिंतही ऐटीत उभी राहते. हातात येणाऱ्या जगात तसे चालत नाही. नानांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "रेघेला जाडी नसते, भिंतीला असते. आम्हांला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं." भिंतींना नऊ इंचांची जाडी दिली. पन्नासास एक या प्रमाणात तीस फुटांची लांबी सुमारे अठरा सेंटिमीटर झाली. खांबांच्या नळ्या त्या प्रमाणात मोडू लागल्या, म्हणून त्या किंचित जाड केल्या. चौदा तास यंत्र चालले.

ती प्रतिकृती आम्ही नानांच्या हातात दिली. प्रथम त्यांनी छपरावर बोटे फिरविली. पत्र्याच्या पन्हळी लागल्या, उतार मागे गेला. मग दार, चौथरा, खांब मोजले. पुष्कळ वेळ ते बोलले नाहीत. डोळे मिटलेले होते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. रेघेने हे काम झाले नसते, हे कबूल केले पाहिजे. कागदावरील रेघ अंधाऱ्या डोळ्यांना काही देऊ शकत नाही. घन वस्तू देते. आणि रेघेवाचून तो घन खरा झाला नसता, हेही तितकेच खरे.

अखेरीस दाराशी त्यांचे बोट थांबले. "पायऱ्या दोन होत्या. तू एकच केलीस."

आम्ही वही पाहिली. वहीत एकच पायरी होती. नाना म्हणाले, "पहिल्या पावसाने माती वाहून गेली, म्हणून दुसरी नंतर घातली. वहीत नाही. मला ठाऊक आहे, कारण ती मी घातली." पुन्हा चौदा तास यंत्र चालविण्याची आवश्यकता नव्हती. घरातला जुना पुठ्ठा होता. माप नानांनी सांगितले, ते आम्ही कागदावर काढले, कापले आणि चिकटविले. तीच ती तपकिरी पायरी. तिला पांढरा रंग द्यावा असे काहींनी सुचविले; नानांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. नंतर घातली होती, ते दिसलं पाहिजे."

नाना आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासमोर अधिक बोलणे उचित नव्हे. कार्यकारिणीला एकच विनंती करून आमचे चार शब्द पुरे करतो. मंडळाचे सभागृह रविवारी सकाळी मोकळे असते. तेथे एक तास चित्रकलेचा वर्ग चालावा. लहानांसाठी आणि आमच्यासारख्या थोरांसाठीही. अर्धा तास पेन्सिल, अर्धा तास संगणक. संगणक आमचा आणतो. आणि ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी त्यांना जुने घर, जुना वाडा, जुनी विहीर विचारून ती कागदावर काढून आणावी. ते काम मात्र पुढच्या रविवारवर ढकलू नये.